क्षितिजाखालची पाचर

त्रिएस्ते, १९ नोव्हेंबर १९७७

प्रिय ओंदिना,

तुझं पत्र आणि मुलांचे फोटो मिळाले. धाकटा अगदी आपल्या आईच्या वळणावर गेलाय, हनुवटी तीच आणि फोटो काढून घेतानाचा वैतागही तोच. तुमच्याकडे आता उन्हाळा लागला असेल. इथे बोरा वारा यंदा लवकर सुटलाय. काल आमच्या चढावर म्हाताऱ्यांना धरायला दोर बांधले आणि मी तो धरला, तेव्हा कळलं की आता मीही त्यांच्यातच. भाजीवाल्याने वर आणि म्हटलंच, "या सिनोरिना, तुमचीच वाट बघत होता दोर!" मेल्याची जीभ अजून तशीच आहे.

सप्टेंबरात मी लिहिलं होतं की बाबांना झटका येऊन गेला, पण आता ते बरे आहेत. 'बाबा बरे आहेत' हे वाक्य मी तुला इतकी वर्षं लिहीत आले आहे की हात आपोआप ते लिहून मोकळा होतो. ते बरे नाहीत, ओंदिना. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं अडखळत येतं, मला कळतं, बाकीच्यांना नाही. डोकं मात्र शाबूत आहे आणि हीच पंचाईत आहे. कारण त्या शाबूत डोक्याला सगळं जग डावीकडे कललेलं वाटतं. पलंग, खिडकी, सुपाची ताटली, सगळं. आपण घसरून पडणार म्हणून उजव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरून पडलेले असतात. बोटं पांढरी पडतात, पण कड सोडत नाहीत.

रोज सकाळी मी पलंगाच्या डाव्या पायांखाली पाचरी सारते. खालच्या, बाबांच्या बंद सुतारखान्यातून नासपतीच्या लाकडाचे तुकडे आणून मीच त्या तासते. "अजून," म्हणतात. मी अजून एक सारते. "अजून." दुपारपर्यंत पलंग उजवीकडे इतका कलतो की उशी जमिनीवर येते, आणि तरी त्यांना तो डावीकडेच उतरलेला दिसतो. मग मी सगळ्या काढते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर म्हणाले, "पलंग सरळच आहे हो. कललंय ते आत, आणि तिथे आपला हात पोचत नाही." शेजारची अमालिया रोज जोता सुपाचं भांडं घेऊन येते. ती परवा दारातूनच ओरडली, "अगं, पलंग आहे की बोट? रोज उठून काय भरती-ओहोटी बघतेस?" आणि मग स्वतःच ओठ चावून गप्प बसली. या घरात बोटीचं नाव काढायचं नाही हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे.

पण आता नाव निघालंच आहे. ऑक्टोबरात वर्तमानपत्रात आलं की 'अल्चोने' बोट मोडीत निघाली. ला स्पेत्सियाच्या खाडीत नेऊन ठेवली आहे, आतलं सामान लिलावात गेलं, आता कापायला घेणार. मी ते पान रद्दीत दडवलं होतं, अमालियाने सुपाचं भांडं तिच्याकडच्या अंकाच्या नेमक्या त्याच पानात गुंडाळून आणलं. बाबांनी उजव्या हाताने कागद सरळ केला आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "जा. बघून ये. सरळ आहे का." दुसरं काही त्यांना नको आहे. ना पाद्री, ना मोठा डॉक्टर. डोळे मिटायच्या आत त्यांना तेवढं एक कळायला हवं आहे.

बोट बांधली तेव्हा तू शाळेत होतीस. तुला त्या वर्षीची जेवणाच्या टेबलावरची शांतता माहीत, मोन्फाल्कोनेच्या गोदीत काय झालं ते नाही. मी बाबांबरोबर होते, हातात पॉलिशचा बोळा घेऊन. पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्याची ती मोठी भिंत बाबांना मिळाली तेव्हा आपली आख्खी सान जाकोमोची वस्ती घरी कॉफी पिऊन गेली होती. मिलानहून आलेल्या वास्तुकाराने दिवाणखाना आखला होता: निळसर गालिचे, मधाच्या रंगाचे दिवे, बारीक पायांच्या खुर्च्या आणि त्यांना जमिनीशी जखडणाऱ्या साखळ्या गालिच्यात अशा लपवलेल्या की दिसू नयेत. वर्गागणिक लाकूड वेगळं. पहिल्याला अक्रोड आणि नासपती, दुसऱ्याला साधं अ‍ॅश, आणि तुमच्या खालच्या वर्गाला रंग मारलेला पत्रा. आणि समोरच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाबांचं जडावकाम. आपल्या धक्क्यावरून संध्याकाळी दिसते ती खाडी. पाणी अक्रोडाचं, शिडं मेपलची, आणि मधून आडवी जाणारी क्षितिजाची एकच सलग पांढरी पट्टी. ती कुठेही न जोडता एका लाकडातून काढायला बाबांनी हिवाळा घालवला होता.

चित्र इतकं मोठं होतं की बाजूची भिंत उभी करायच्या आधीच ते आत घ्यावं लागलं. बाबा त्या दिवशी चर्चला जायचा कोट घालून आले, खिशात आजोबांचा पितळी ओळंबा. गोदीचा मुकादम चांगला माणूस होता. तो म्हणाला, "मास्तर, तो ओळंबा खिशातच राहू द्या. बोट पाण्यात आहे, आज इकडे कलते, उद्या तिकडे. आम्ही भिंतीवर रेघा मारल्यात, त्या धरून लावा." बाबांना केवढा राग आला! याच ओळंब्यावर त्यांनी शहरातली निम्मी कॉफीगृहं सजवली होती. म्हणाले, "रेघ माणूस मारतो. ओळंबा पृथ्वी धरते." आणि लावलं ओळंब्याने. भिंतीवरच्या लाकडी कठड्यावर चित्र टेकवलं, उजवं टोक खाली वाटलं म्हणून त्याच्याखाली बोटभर जाडीची पाचर मारली, स्क्रू पिळले, कोट झटकला. मुकादमाने माझ्याकडे बघून खांदे उडवले. पुढे बोटीच्या टाक्यांत पाणी भरलं, बोट सरळ उभी राहिली आणि बाबांचं क्षितिज वाकडं झालं. उजवीकडे बोटभर वर, डावीकडे उतार. तोवर बाजूची भिंत बंद झाली होती. बाबा म्हणाले, मी पुन्हा लावतो. वास्तुकार हसला. "राहू द्या हो. प्रवासी एक तर प्यायलेले असतील नाही तर ओकत असतील. कोण बघतंय?" बाबांना शिवी चालली असती. ते हसणं त्यांनी घरी आणलं आणि ते आजवर या घरात राहतंय.

तू देश सोडून निघालीस तेव्हा नेमकी तीच बोट निघावी हा आपल्या नशिबाचा विनोद. धक्क्यावर एवढी रडारड, कागदी फिती, आईचा तुझ्या बाहीतून न सुटणारा हात, आणि बाबांनी तुला सांगितलं काय? 'सांभाळून राहा' नाही, 'पत्र लिही' नाही. "कसंही करून वर जा आणि बघ. वाकडं दिसतं का ते सांग." मी तेव्हा मनात म्हटलं होतं, दगड आहे हा माणूस. मग तू उतरलीस त्या फ्रीमँटल बंदरातून तुझं पत्र आलं. 'बाबा, तुमचं क्षितिज अगदी सरळ आहे. काळजी करू नका.' तेवढंच. त्याच आठवड्यात कॉफीगृहात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की खालच्या वर्गाच्या लोकांना वर पाऊल टाकू देत नाहीत, जिन्याला साखळी असते. बाबा घरी आले ते काळेनिळे होऊन. "वर गेलीच नाही ती. समजूत घालते माझी. सुताराची पोर रेघेबद्दल खोटं बोलते!" त्यानंतर त्यांनी तुला स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली नाही. आई गेली तेव्हासुद्धा नाही. तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. 'बाबा बरे आहेत' एवढंच लिहीत राहिले.

तर मी निघाले. अमालियाला बाबांपाशी बसवलं आणि आख्खा देश आडवा ओलांडून गेले. गाडीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं की परत येऊन 'सरळ आहे' म्हणायचं. चित्र कसंही असो. चेहरा कसा ठेवायचा याचा सराव मी खिडकीच्या काचेत करत होते, समोरची बाई घाबरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

बोटीवर पहारेकरी होता बाचिचा नावाचा. पूर्वी तो तिथेच, पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्यात वाढपी होता. धनी निघून गेला तरी म्हाताऱ्या घोड्यापाशी राहावं, तसा राहिला होता बिचारा. परवानगी वगैरे काही नव्हती माझ्याकडे. मी म्हटलं, ते मोठं चित्र ज्यांनी केलं त्यांची मी मुलगी. त्याने टोपी काढली. आत दिवे नव्हते, खिडक्यांतून येईल तेवढा उजेड. गालिचा गेलेला, दिवे गेलेले, खुर्च्या गेल्या आणि त्यांच्या साखळ्या तेवढ्या जमिनीवर राहिलेल्या. मधल्या काळात कुणी शहाण्याने एका बाजूला फॉर्मायकाचा बार केला होता, तोही अर्धा उचकटलेला. आणि समोर बाबांची भिंत. लिलाववाल्यांनी चित्र न्यायचं म्हणून सगळे स्क्रू काढले, खालची पितळी पट्टी काढली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ते दारातून जाणारच नाही. करवतीने तीन तुकडे करू म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच ते नको झालं, आणि तसंच सोडून गेले.

ओंदिना, क्षितिज सरळ होतं. मी आधी माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. मी कठड्यापासून बोटांनी अंतर मोजत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. सारखं. मग खाली वाकले. उजव्या टोकाखाली बाबांची पाचर होती, त्यांच्या पटाशीची खूण असलेली, मी ती झोपेतही ओळखेन. आणि डाव्या टोकाखाली दुसरी. तेवढीच जाडी. तिच्या कडेला हिरव्या-पांढऱ्या लाकडाची वेणी जडवलेली. ती वेणी बाबांनी आयुष्यात एकदाच केली, तुझ्या ट्रंकेच्या झाकणाच्या कडेला.

मी तिथेच जमिनीवर बसले. बाचिचा पाणी आणायला धावला, त्याला वाटलं मला घेरी आली. मग त्याने सांगितलं. रविवारी त्या दिवाणखान्यात पाद्रीची प्रार्थना, मिस्सा व्हायची आणि तेवढ्यापुरती जिन्याची साखळी काढून खालच्या लोकांना वर घ्यायचे, मागे उभं राहायला. "एक पोरगी होती, तुमच्याकडचीच," म्हणाला, "आख्खी मिस्सा मान वाकडी करून उभी. मला वाटलं मान अवघडली असेल. मिस्सा संपली तशी गेली ती थेट आमच्या बोटीच्या सुताराकडे आणि भांडायलाच लागली. तो बिचारा म्हणाला, पोरी, एवढं काय त्यात? उजवीकडची पाचर ठोकून काढली की झालं. तर ही त्याच्या हातोड्याला लोंबकळली. म्हणे, ती नाही काढायची, ती माझ्या वडिलांनी मारलीय. मग खाली गेली आणि स्वतःच्या पेटीचा तुकडा कापून घेऊन आली. लोक जेवायला गेले होते तेव्हा स्क्रू सैल करून आम्ही तिघांनी डावं टोक उचललं. मला हर्निया तेव्हापासून आहे."

तू हे कुणालाच का सांगितलं नाहीस ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. सांगायचं म्हणजे बाबांची चूक तू सुधारलीस असं लिहावं लागलं असतं. त्यापेक्षा तू एक खरं वाक्य लिहिलंस आणि खोटी ठरलीस. इतकी वर्षं. मला तुझा राग आला, तुला मिठी मारावीशी वाटली आणि मधे एवढा समुद्र आहे. मी त्या बोटीतून एक खिळाही वाचवू शकले नाही. कापणाऱ्यांच्या कचेरीत जाऊन विनवण्या केल्या. तिथला माणूस सभ्य होता, त्याने खुर्ची दिली, कॉफी मागवली, आणि म्हणाला, "बाई, आख्खी बोट चाललीय, तुम्ही एका भिंतीचं काय घेऊन बसलात?" परत जाऊन बाचिचाला म्हटलं, मला त्या दोन पाचरी तेवढ्या दे. त्याने पहारीने आधी एक टोक उचललं, मग दुसरं. पाचरी निघाल्या, चित्र बोटभर खाली आलं आणि कठड्यावर अलगद बसलं. सरळ. पहिल्या दिवशी बसायला हवं होतं तसं. आम्ही दोघं म्हातारे त्याच्यासमोर उभे होतो आणि उजेड कमी कमी होत होता. एव्हाना ते कापलं गेलं असेल.

घरी आले तेव्हा बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हणाले, सरळ आहे. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "तूही," म्हणाले. आपल्याच हातांनी वाकडं लावलेलं आपोआप सरळ होत नाही, हे काय त्यांना मी सांगायचं? मग मी दोन्ही पाचरी त्यांच्या उजव्या हातापाशी ठेवल्या. पलंगाची कड त्यांनी सोडली. आधी स्वतःची ओळखली, अंगठ्याने पटाशीची खूण चाचपली. मग दुसरी घेतली. वेणीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग एका हाताने कशाबशा दोन्ही शेजारी शेजारी चिकटवून ठेवल्या आणि जाडी जुळते का बघायला वरून अंगठा ओढला. कुठेही अडला नाही अंगठा. त्यांना काही समजावून सांगायची गरजच नव्हती, आयुष्यभर त्यांनी दुसरं केलंय काय? त्यांचा उजवा डोळा आधी भरला, मग डावाही. "मूर्ख पोर," म्हणाले. "सांगायचं नाही का?" मी म्हटलं, सांगितलं होतं तिने, बाबा. सरळ आहे म्हणाली होती. दोन्ही पाचरी मुठीत घेत म्हणाले, "हो. म्हणाली होती."

मला वाटलं, आता तरी पलंग सरळ होईल. भाबडी मी! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, "डावीकडे उतार." तुझी पाचर डाव्या पायाखाली लावून बघितली, त्यांचीही लावून बघितली. काही होत नाही. डॉक्टर आता माझ्याकडे न बघता बोलतात, त्यावरून मी काय ते समजले आहे. पण एक बदल झालाय. आता ते पलंगाची कड धरत नाहीत, त्या दोन पाचरी मुठीत धरून पडतात. आणि पोस्टमन जिना चढला की डोळे दाराकडे. काल मी विचारलं, बाबा, कुणाच्या पत्राची वाट बघताय? तेव्हा जे म्हणाले त्यासाठी हे सगळं लिहिते आहे. म्हणाले, "तिचा तो कागद मी चुलीत टाकला. परत लिहायला सांग." तुला इकडे ये म्हणायचं माझं धाडस नाही. आलीस तरी वेळेत पोचशील की नाही, देव जाणे, आणि हे पत्रही कधी पोचेल ते माझ्या हातात नाही. हे वाचून झालं की जागेवरून उठू नकोस. माझ्यासाठी, मुलांबद्दल, हवेबद्दल काही लिहू नकोस. त्यांना एका डोळ्याने अर्धवट दिसतं, म्हणून अक्षर मोठं काढ. तेच एक वाक्य लिही, ओंदिना, जसंच्या तसं. या वेळी ते विश्वास ठेवतील.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
निवेस